गाईच्या गाठीला सरकार धावलं, कुत्र्याच्या गाठीला निदान आपण तरी धावू

मंडळी, आज जरा मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. घरात कुत्रं असेल तर वाचाच, आणि नसेल तरी वाचा, कारण अर्धा विषय आपल्या नगरपालिकेचा आणि आपल्या पैशाचा आहे.

2022 साली लम्पी आला तेव्हाचे दिवस आठवा. गाईच्या अंगावर गाठी उठल्या की अख्खं गाव जागं व्हायचं. जनावरांचे बाजार बंद ठेवले गेले, वाहतुकीवर बंधनं आली, सरकारने मोफत लस दिली, डॉक्टर गोठ्यागोठ्यात फिरले. ज्या माणसाने कधी आपलं बीपी तपासलं नाही, तोही रोज सकाळी गाईच्या अंगावरून हात फिरवून बघत होता. गाठ दिसली की दवाखाना, एवढं साधं गणित सगळ्यांना पाठ झालं होतं.

आता त्याच गोठ्याच्या दारात बसलेल्या कुत्र्याकडे बघा. त्याच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ लोंबत असते. "कधीपासून आहे?" विचारलं की उत्तर येतं, "असेल की वर्षभर. चरबीची आहे. काय करत नाही ती."

(एक गैरसमज इथेच संपवते. कुत्र्याला लम्पी होत नाही. तो गाई-म्हशींचा आजार. कुत्र्याच्या अंगावर गाठ आली म्हणजे गोठ्यातून आली, असं म्हणून त्याला हाकलू नका.)

मी डॉक्टर नाही. आमच्या भागात रस्त्यावरची, वस्तीवरची कुत्री दवाखान्यात नेणारे आम्ही चौघं-पाचजण आहोत, त्यातली एक. त्यामुळे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बरंच काही बघितलंय आणि ऐकलंय. त्यावरून माझं ठाम मत झालंय ते असं: आपल्याकडची कुत्री गाठीने जेवढी मरतात, त्यापेक्षा जास्त "बघू" या एका शब्दाने मरतात. आणि या "बघू"चा दोष एकट्या मालकाला देऊन चालणार नाही. गाठ तपासायची सोय जवळ नसेल तर माणूस "बघू"च म्हणणार.

हाताला कळत नाही, सुईला कळतं

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. कुत्र्याच्या अंगावरच्या सगळ्या गाठी कॅन्सर नसतात. खूपशा नसतातच. वय झालेल्या, जरा सुटलेल्या कुत्र्याला छातीवर, बरगड्यांवर मऊ, बोटाने सरकणारी गाठ येते, ती बहुतेकदा चरबीची निघते. पिल्लाच्या तोंडात चामखिळी येतात, त्या बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप जातात. तरुण कुत्र्याला लालसर, बटणासारखी गाठ येते, तीही अनेकदा दोन-तीन महिन्यांत जिरते. भांडणात दात लागला की गळू होतं. लस टोचलेल्या जागी बारीक गुठळी राहते, ती काही आठवड्यांत जाते. आणि कधीकधी तर "गाठ" म्हणून आणलेली वस्तू रक्त पिऊन फुगलेली गोचीड निघते, किंवा नर कुत्र्याचा सड निघतो. हो, नरालाही सड असतात. दवाखान्यात हे बघून हसू येतं, पण माणूस दाखवायला तरी आला, हे कौतुकाचं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की यातली कुठली गाठ साधी आणि कुठली वाईट, हे हात लावून सांगता येत नाही. मला नाही, तुम्हाला नाही, आणि वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मास्ट सेल ट्यूमर नावाचा एक कॅन्सर आहे. लॅब्रेडॉर, पग, बॉक्सर या जातींत तो जास्त दिसतो, पण कुठल्याही कुत्र्याला होऊ शकतो. हा प्राणी बहुरूपी आहे. कधी फोडासारखा, कधी किडा चावल्यासारखा, आणि कधी हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा मऊ. आज फुगतो, उद्या ओसरतो. ओसरला की मालक खूश, "बघा, उतरली!" आणि तिथेच फसतो.

यावर उपाय काय? एक बारीक सुई. नेहमीच्या इंजेक्शनची असते तशीच. गाठीत टोचायची, थोड्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेच्या पट्टीवर पसरायच्या, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. डॉक्टर याला एफएनएसी म्हणतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही, टाके नाहीत, पाच-दहा मिनिटांचं काम. पुढच्या ऑपरेशनच्या खर्चापुढे याचा खर्च किरकोळ आहे. कधी या सुईतून पुरतं कळत नाही, मग गाठीचा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. पण सुरुवात सुईपासून.

"सुई लावली की गाठ चिडते आणि पसरते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. कातडीवरच्या आणि कातडीखालच्या गाठींच्या बाबतीत हा धोका अगदी नगण्य आहे. सुई न लावता सहा महिने वाट बघितली तर गाठ मात्र वाढू शकते.

मग नेमकं कधी जायचं?

अमेरिकेत डॉ. स्यू एटिंगर नावाच्या पशु-कर्करोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी लोकांसाठी एक सोपा नियम लोकप्रिय केला: गाठ एक सेंटीमीटरची असेल, म्हणजे साधारण वाटाण्याएवढी, किंवा महिनाभर जागेवर टिकून असेल, तर सुईने तपासून घ्या. वाटाणा आणि महिना, हे दोनच शब्द लक्षात ठेवा. फ्रीजवर चिकटवून ठेवा पाहिजे तर.

याला धरून, दवाखान्यात बसून जे शिकले त्याची मी माझ्यापुरती तीन खान्यांत विभागणी केलीय.

त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही:
– गाठ काही तासांत किंवा एका दिवसात भराभर फुगली.
– गाठ गरम आहे, हात लावला की कुत्रं ओरडतं, ताप आहे, खाणं सोडलंय.
– गाठ फुटली, रक्त थांबत नाही, किंवा जखमेत अळ्या पडल्यात. पावसाळ्यात हे फार होतं.
– गळ्याजवळ सूज आहे आणि श्वास किंवा गिळणं जड जातंय.
– पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीची कास लाल, कडक, दुखरी झालीय.
– बेंबीजवळ किंवा जांघेत फुगवटा आहे, तो कडक झालाय आणि कुत्रं उलट्या करतंय. हे आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं.
– गाठ आहे आणि सोबत उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी होतेय.

चार-आठ दिवसांत जायचंच:
– कुत्रीच्या सडांच्या ओळीत कुठेही गाठ, मग ती ज्वारीच्या दाण्याएवढी का असेना.
– जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना सारख्या गाठी. या लसिकाग्रंथी असतात. गोचीड तापातही सुजतात आणि लिम्फोमा नावाच्या कॅन्सरमध्येही. दोन्हीला डॉक्टर लागतोच.
– हाडाला चिकटलेली, न सरकणारी कडक गाठ, किंवा गाठीसोबत लंगडणं.
– तोंडात, हिरडीवर, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली आलेली गाठ.
– रंग बदलणारी, खाजणारी, कधी मोठी कधी छोटी होणारी गाठ.
– लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त. याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

महिन्याभरात दाखवायची: बाकी सगळ्या. मऊ असो, जुनी असो, "चरबीची" असो. एकदा सुईने चरबीची ठरली की मग खुशाल सोडून द्या. पण आकार वाढला, कडक झाली, तर परत दाखवा.

आमच्या आळीतला रॉकी आता तेरा वर्षांचा आहे. बरगडीवर मोसंब्याएवढी गाठ घेऊन फिरतो. सुईने तपासली, चरबीची निघाली, काढली नाही. मालक निवांत, रॉकी त्याहून निवांत. तपासणीचा अर्थ प्रत्येक वेळी ऑपरेशन असा होत नाही. बऱ्याचदा तपासणी म्हणजे शांत झोप.

काय करायचं नाही

गाठ दाबून पिळायची नाही. घरी टाचणी, ब्लेड लावायचं नाही. घोड्याचा केस किंवा दोरा बांधून "सुकवायची" नाही. चुना-हळद, रॉकेल, बॅटरीतलं पाणी, असलं काहीही लावायचं नाही. आपल्या घरातली दुखण्याची गोळी द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला, किडनीला, लिव्हरला घातक ठरू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तपासणी न करता "गाठ जिरवायचं इंजेक्शन" घ्यायचं नाही. हे इंजेक्शन अनेकदा स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइडने सूज उतरते, काही कॅन्सरच्या गाठीही तात्पुरत्या उतरतात. मालकाला वाटतं गुण आला. ओळखीतल्या एका लॅब्रेडॉरचं असंच झालं. जबड्याखाली आणि गुडघ्यामागे गाठी, जवळच एकाने इंजेक्शन दिलं, पंधरा दिवस कुत्रं पळतंय, खातंय. महिन्याने गाठी दुप्पट. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा लिम्फोमा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की या आजारात आधी स्टेरॉइड दिलं गेलं तर निदान अवघड होतं आणि पुढच्या औषधांनाही गाठ तितकी दाद देत नाही. स्टेरॉइड वाईट औषध नाही, कितीतरी आजारांत तेच लागतं. पण आधी सुई, मग औषध. डॉक्टरांना थेट विचारा, "साहेब, यात स्टेरॉइड आहे का? आधी गाठ तपासायची का?" विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

कुत्रीच्या सडाची गाठ

नसबंदी न झालेल्या कुत्रीला होणाऱ्या गाठींत सगळ्यात जास्त प्रमाण सडांच्या गाठींचं. त्यातल्या साधारण निम्म्या साध्या असतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. नाणं उडवल्यासारखंच झालं हे. एकाच कुत्रीला तीन गाठी असतील तर तिन्ही वेगवेगळ्या प्रकारच्या असू शकतात. म्हणून "एक तपासली, साधी निघाली" यावर थांबायचं नाही.

इथे आकाराला फार किंमत आहे. तीन सेंटीमीटरच्या आत काढलेली गाठ आणि पाच सेंटीमीटरच्या पुढे गेलेली गाठ, यांच्या निकालात खूप फरक पडतो. ज्वारीचा दाणा असताना नेलं तर छोटं ऑपरेशन. नारळ झाल्यावर नेलं तर आधी छातीचा एक्स-रे काढून फुप्फुसात पसरलंय का ते बघावं लागतं, आणि तेव्हा बहुतेकांची हिंमत आणि पैसे दोन्ही संपतात.

घरातल्या बायका इथे पटकन म्हणतात, "दुधाची गाठ आहे, जिरेल." कधी ते खरंही असतं. माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी कुत्रीला खोटी गाभण धरल्यासारखं होतं, कास भरते, थोडं दूधही येतं. पण ती सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरते. त्यानंतर हाताला दाणा लागला तर तो दुधाचा नाही.

आणि हे बरंचसं टाळता येतं. 1969 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर सडाच्या कॅन्सरचा धोका जवळपास नाहीसा होतो, आणि प्रत्येक माजागणिक हा फायदा घटत जातो. त्या आकड्यांच्या नेमकेपणाबद्दल नंतर संशोधकांत वाद झाले. मोठ्या जातींत सांध्यांचा विचार करून थोडं थांबा, असंही हल्ली डॉक्टर सांगतात. तेव्हा नेमकं वय आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा. पण "एकदा तरी व्यायला पाहिजे, नाहीतर कुत्रीला रोग होतो" हे जे आपल्याकडे सांगतात, त्याला काहीही आधार नाही. सडाच्या बाबतीत तर उलटंच आहे.

संसर्गाने पसरणारी गाठ

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे येते, कारण इथे गाठ ही एका घराची गोष्ट राहत नाही.

कुत्र्यांमध्ये एक अजब कॅन्सर आहे, तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. विषाणूमुळे नव्हे, तर कॅन्सरच्या पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊन रुजतात. मुख्यतः संभोगातून, आणि हुंगण्या-चाटण्यातूनही. हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका कुत्र्याच्या अंगात ही गाठ सुरू झाली आणि त्याच पेशींची पिढ्यान्पिढ्यांची वंशावळ आज जगभर फिरतेय. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. माणसाला ती होत नाही.

दिसते कशी? लघवीच्या जागेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक, ओली, रक्त ठिबकणारी वाढ. कधी नाकात किंवा तोंडात. लोकांना वाटतं कुत्री माजावर आलीय, किंवा कुणीतरी मारलंय, किंवा "घाण रोग" झालाय. मग दगड मारून हाकलतात. गाडीत घालून घाटात सोडून येतात. आणि सोडलेल्या जागी ते कुत्रं नव्या टोळीत तोच आजार पोचवतं.

खरी चीड येते ती इथे. कारण हा कॅन्सर बरा होतो. बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो. व्हिन्क्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण चार ते सहा वेळा. आणि हे औषध येतं कुठून? आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही हेच औषध वापरतात. (म्हणून कुणी सदाफुलीची पानं वाटून कुत्र्याला देऊ नका हं. ती पानं विषारी असतात. औषध कारखान्यात शुद्ध करून, तोलून बनतं.) इंजेक्शन शिरेतच गेलं पाहिजे, बाहेर सांडलं तर मांस सडतं, म्हणून ते शिकलेल्या हातानेच द्यायचं.

आमच्या इथे बाजारपेठेत चिंगी नावाची कुत्री आहे. रक्त ठिबकतंय म्हणून दुकानदार तिच्यावर पाणी फेकायचे. पाच आठवडे, पाच इंजेक्शनं. दर आठवड्याला तिला पकडून रिक्षात घालणं हाच खरा व्याप होता. आज ती त्याच दुकानांच्या पायरीवर झोपते, आणि पाणी फेकणाऱ्यांपैकीच एक काका तिला रोज सकाळी बिस्किट देतात.

टेबलावर कुत्रं आहेच, मग बघा की जरा

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला तेव्हापासून चावऱ्या कुत्र्यांवर आपण घरोघरी भांडलो. कुत्रं चावतं ही खरी आणि गंभीर गोष्ट आहे, रेबीज तर जीवघेणाच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात नसबंदीच्या टेबलावर नेमकं काय होतं, याकडे कुणी बघितलं नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 2023 साली प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम आले. त्यानुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. कुत्रं पकडायचं, ऑपरेशन करायचं, लस द्यायची, कानाला खूण करायची, जिथून आणलं तिथे सोडायचं. पैसा तुमच्या-आमच्या कराचा.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या आयुष्यात एकच दिवस असा येतो की ते भूल दिलेल्या अवस्थेत, उताणं, डॉक्टरच्या हाताखाली असतं. त्या दिवशी त्याच्या सडांवरून, लघवीच्या जागेवरून, तोंडातून, जबड्याखालून हात फिरवायला दोन मिनिटं लागतात. टीव्हीटी असेल तर तिथेच दिसेल. सडात दाणा असेल तर तिथेच लागेल. आणि नसबंदीने संभोग थांबला की टीव्हीटीचा मुख्य रस्ताच बंद होतो. म्हणजे ज्या कामावर आपण पैसे खर्च करतोच आहोत, तेच काम नीट केलं तर एका अख्ख्या आजाराची साखळी तुटते.

म्हणून माझ्या नगरपालिकेकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे चार मागण्या आहेत. चारही पुढच्या आर्थिक वर्षाची वाट न बघता सुरू करता येतील अशा.

एक. नसबंदीच्या प्रत्येक नोंदीत "अंगावर गाठ: आहे / नाही, कुठे, केवढी" अशी एक ओळ हवी. नियमांत स्थानिक देखरेख समिती सांगितलेली आहे. त्या समितीने हे कागद दर महिन्याला बघावेत.

दोन. टीव्हीटी निघालेलं कुत्रं तसंच रस्त्यावर परत सोडू नये. इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत ठेवायची जागा करावी. जागा नसेल तर रोज खायला घालणाऱ्या माणसांची यादी करावी आणि त्यांना ठरलेल्या वारी कुत्रं आणायला सांगावं. आम्ही आणू. लिहून देतो.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाठ तपासायला आलेल्या कुत्र्याला "पुण्याला न्या" म्हणून परत पाठवू नये. ज्याच्याकडे गाडी नाही, एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, तो पुण्याला जाणार नाही, तो घरी जाणार. सुईने पेशी काढून काचेवर सुकवल्या की ती काच डबीत घालून पाठवता येते. कुत्र्याने जागेवर राहावं, काचेने प्रवास करावा. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आठवड्यातून एकदा तालुक्यांच्या काचा तिथे गेल्या आणि निकाल फोनवर आला, तर किती घरांची "बघू" वाचेल! राज्यात परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत. परळचं तर 1886 पासूनचं. तिथल्या शिकणाऱ्या मुलामुलींनाही बघायला काचा हव्याच असतात.

चार. आठवड्यातला एक दिवस रेशनकार्डवाल्या घरांतल्या पाळीव कुत्र्यांच्या नसबंदीला द्यावा, परवडेल अशा दरात. रस्त्यावर दिसणारी बरीच पिल्लं कुणाच्यातरी दारातल्या कुत्रीचीच असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

"इथे माणसांना दवाखाना नाही, तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देते. प्रश्न चुकीचा नाही. तालुक्यात माणसांच्या सोयी अपुऱ्या आहेत आणि त्यावर मी इथेच अनेकदा लिहिलंय. पण मी नवीन इमारत मागत नाहीये. नवीन मशीन मागत नाहीये. असलेल्या डॉक्टरच्या हातात असलेली सुई आणि असलेल्या कॉलेजातला सूक्ष्मदर्शक, यांची एकमेकांशी गाठ घालून द्या, एवढंच म्हणतेय. सरकारी डॉक्टरांवर कामाचा बोजा किती आहे तेही मी बघितलंय. एका माणसाने गाई-म्हशी, शेळ्या, लसीकरण, पंचनामे सगळं बघायचं. रिकाम्या जागा भरा, ही मागणी त्यांच्या बाजूने आपण करायला हवी.

आणि ज्याला कुत्रं म्हणजे चैन वाटते त्याने एकदा मेंढरांच्या वाड्यावर रात्र काढावी. कांद्याच्या चाळीवर, मळ्यातल्या एकट्या घरावर काढावी. तिथलं कुत्रं पगार न घेणारा राखणदार आहे. त्याच्या सडात गाठ आली तर तो प्रश्न त्या घराच्या संसाराचा आहे, हौसेचा नाही.

"वय झालंय, आता कशाला?" हेही फार ऐकते. वय हा आजार नाही. म्हातारपणी भूल देण्याआधी रक्त तपासतात, हृदय बघतात, आणि जमत नसेल तर डॉक्टरच नको म्हणतात. पण गाठ कसली आहे हे कळलं तर निदान दुखण्याचं योग्य औषध तरी मिळतं. शेवटचे दिवस सोपे करता येणं, हीसुद्धा उपचाराचीच बाजू आहे.

आता काम सांगते. दर महिन्याच्या एक तारखेला कुत्र्याला कुरवाळायला बसा. जबड्याखालून सुरुवात करा, गळा, खांदे, काखा, बरगड्या, पोट, सडांच्या दोन्ही ओळी, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, शेपटीखाली, शेवटी बोटांची बेचकी आणि तोंड. पाच मिनिटं लागतात आणि कुत्र्याला वाटतं लाड चाललेत. काही लागलं तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढा, तारीख आपोआप राहते. दवाखान्यात तो फोटो दाखवला की डॉक्टरचं अर्धं काम झालं.

आणि वरच्या चार मागण्यांचं निवेदन मी तयार केलंय. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांना द्यायला आम्ही जातोय. सह्यांचा कागद शनिवारच्या आठवडी बाजारात, भाजीच्या बाजूच्या फाटकापाशी घेऊन बसेन. कुत्री आवडत असोत वा नसोत, येऊन सही करा. ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांची सही तर आधी हवी, कारण नसबंदी नीट झाली तर रस्त्यावरची संख्या कमी होणार आहे, आणि तेच तुम्हालाही पाहिजे.